देखणा, परवडणारा आणि कापणारा

लाकूड तासायच्या चाकूकडून गिऱ्हाइकाच्या तीन अपेक्षा असतात. तो परवडावा, दिसायला देखणा असावा आणि त्याने लाकूड कापावे. यांपैकी तिसरी अपेक्षा बहुधा चाकू घरी आल्यावर आठवते. परवडण्याची व्याख्या गिऱ्हाइकागणिक बदलते. जी किंमत घरात निम्मी करून सांगितली तरी वाद होतो, ती परवडत नाही असे समजावे. देखणेपणाची व्याख्या मात्र सगळीकडे एकच आहे. जो चाकू पाहून शेजारी “कितीला पडला?” असे विचारतो, तो देखणा. कापण्याचे नियम भौतिकशास्त्रात सापडतात आणि त्यांत शेजाऱ्याचा उल्लेख नाही.

चाकू आणि लाकडाचा तुकडा घेऊन तासन्‌तास बसण्याचा उद्योग थंड मुलखांत फोफावला, याचे कारण उघड आहे. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात हिवाळा लांब, दिवस आखूड आणि लाकूड मुबलक. तिथले लोक शेकोटीपुढे बसून उरल्यासुरल्या लाकडातून पोरांसाठी घोडे तासत. सतराव्या शतकापासून चालत आलेला हा घोडा पुढे लाल रंग आणि फुलापानांची नक्षी लेवून साऱ्या देशाचे प्रतीक झाला. नूस्नेस या गावात ओल्सन बंधूंनी 1928 मध्ये त्याचा कारखाना काढला. नूस्नेसजवळच मोरा हे गाव आहे आणि लाकूडकामाचे जगभर खपणारे साधे चाकू तिथेच बनतात. थोडक्यात, घोडा आणि त्याला घडवणारा चाकू एकाच पंचक्रोशीतले आहेत.

अमेरिकेत हाच छंद थेट संसदेत पोचला. टेक्सासच्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष राहिलेले सॅम ह्यूस्टन 1846 ते 1859 या काळात सिनेटचे सदस्य होते. सभागृहात लांबलचक भाषणे चालू असताना ते आपल्या बाकावर बसून लाकूड तासत आणि तयार झालेले छोटे बदाम सज्जात बसलेल्या स्त्रियांना भेट म्हणून पाठवत. आजच्या लोकप्रतिनिधींच्या हाती त्या वेळी मोबाईल असतो. त्यातून बदाम निघाल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्रात लाकडाला आकार देणे हे सुताराचे काम, आणि त्याची हत्यारे म्हणजे वाकस, पटाशी आणि रंधा. घरोघरी भाजीला विळी होती, सुपारीला अडकित्ता होता, उसाला कोयता होता. विनाकारण लाकूड तासायला वेगळे हत्यार नव्हते, कारण विनाकारण बसायलाच समाजाची मान्यता नव्हती. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो, ही म्हण त्यातून आली. रिकाम्या सुताराविषयीची म्हण तर कौटुंबिक मासिकात छापता येत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर किंवा मोबाईलचा कंटाळा आल्यावर इकडे वळलेल्या मराठी हौशी माणसाला घरात विचारायला कोणी नसते. तो चित्रे पाहून चाकू निवडतो.

चित्रात पहिल्यांदा पाते दिसते, म्हणून पात्यापासून सुरुवात करणे योग्य. नवशिका लांब पाते निवडतो. पैसे तेवढेच, पोलाद जास्त, असा त्यामागचा सरळ हिशेब असतो. प्रत्यक्षात तासायच्या चाकूचे पाते 4 ते 8 सेंटिमीटरचे पुरते. सगळा जोर मुठीजवळच्या भागातून लागतो; पाते जितके लांब तितके त्याचे टोक हातापासून दूर आणि हुकमतीबाहेर जाते. लांब पात्याचा खरा उपयोग अस्वलाशी गाठ पडल्यास होतो. सदाशिव पेठेत तशी शक्यता कमी.

लांबीनंतर जाडी. ज्या चाकूच्या जाहिरातीत मागे बर्फाचा डोंगर आणि पुढे दाढीवाला माणूस असतो, त्याचे पाते साधारण 4 ते 5 मिलिमीटर जाड असते. तो चाकू जळाऊ फाटी फोडण्यासाठी आणि दाढीवाल्या माणसाच्या समाधानासाठी बनवलेला असतो. लाकडात शिरल्यावर असे पाते पाचरीचे काम करते. लाकूड कापले जाण्याआधी फाटते. तासायचे पाते पाठीकडे 2 ते 3 मिलिमीटर जाड असावे आणि धारेकडे निमुळते होत जावे. धारेच्या दोन बाजूंमधला एकूण कोन 20 ते 25 अंशांच्या आसपास असला की मऊ लाकडाची ढलपी न अडखळता निघते. कोन याहून लहान केला तर धार नाजूक होते, मोठा केला तर मनगट दुखते.

स्कँडिनेव्हियातल्या चाकूंची घासणी या कामाला विशेष सोयीची असते. त्यांच्या पात्याचा उतार सपाट असतो आणि मध्ये दुसरी पायरी न येता थेट धारेपर्यंत जातो. हा सपाट उतार लाकडावर टेकवला की पात्याला आपोआप दिशा मिळते. स्वयंपाकघरातल्या चाकूला बहुधा धारेपाशी आणखी एक बारीक उतार असतो. शिवाय त्याचे पाते लवते. लवणे हा गुण बटाट्याची साल काढताना उपयोगी पडतो; लाकडात मात्र पाते लवले की ते भलत्याच दिशेने जाते आणि त्या दिशेला सहसा अंगठा असतो.

धार सरळ असावी, टोक बारीक असावे आणि पात्यावर दुसरे काहीही नसावे. करवती दाते, बाटली उघडायची खाच, पाठीवरचा आकडा, पात्याला पाडलेली भोके या सगळ्यांनी चाकूची किंमत वाढते आणि तासायच्या कामात अडथळे येतात. हिरवा-तपकिरी लष्करी रंग हे आणखी एक आकर्षण. या रंगामुळे शत्रूला चाकू दिसत नाही. गवतात पडला तर मालकालाही दिसत नाही.

पोलादाबद्दलची चर्चा कधी संपत नाही, पण निवड दोनच प्रकारांत करायची असते. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर आणि चांगली लागते, मात्र ते गंजते. स्टेनलेस पोलादात क्रोमियम असल्याने ते गंजाला दाद देत नाही. त्यातल्या स्वस्त प्रकारांना धार लावताना मात्र माणसाचा कस लागतो. दोन्हींत महत्त्वाचे असते ते पोलादाला दिलेले पाणी. रॉकवेल मापनावर कठीणपणा 58 ते 60 च्या घरात असला की धार टिकतेही आणि घरच्या घरी परत लावताही येते. पोलाद फार मऊ राहिले तर धार वळते, फार कडक झाले तर तिचे कपचे उडतात. काही चाकूंत कडक पोलादाची पट्टी मधोमध आणि दोन्ही बाजूंना मऊ पोलाद अशी तीन थरांची रचना असते. तीत कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही पदरात पडतात.

कोकणात आषाढ-श्रावणात कार्बनचे पाते ओले राहिले तर दुसऱ्या दिवशी तांबूस दिसते. वापरून झाल्यावर ते कोरडे पुसून तेलाचा हात फिरवणे एवढाच त्यावर उपाय आहे. कालांतराने अशा पात्यावर करड्या रंगाची झाक चढते. शौकीन लोक तिचे कौतुक करतात. घरातली इतर मंडळी तिला डाग म्हणतात आणि एखाद्या दुपारी मालक झोपलेला असताना ती भांडी घासायच्या तारेने घासून काढतात.

देखणेपणाच्या बाजारात सध्या सगळ्यांत जास्त भाव आहे तो दमास्कस नावाच्या पात्याला. त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे आणि मग पात्याला आम्लात बुडवायचे. एका पोलादावर आम्लाचा परिणाम जास्त, दुसऱ्यावर कमी, म्हणून नक्षी उमटते. पूर्वीच्या खऱ्या दमास्कस तलवारींची गोष्ट वेगळी होती. त्यांचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानात, आजच्या तेलंगणातल्या निर्मळच्या आसपासही बनत असे आणि तिकडून पश्चिम आशियात जाई. म्हणजे दख्खनचा माल दमास्कसचे नाव लावून पुन्हा दख्खनी माणसाला विकण्याची ही परंपरा आहे. कुशल लोहाराच्या हातचा असा चाकू उत्तम कापतो, पण तो परवडत नाही. जो परवडतो त्याची नक्षी पुष्कळदा वरवर कोरलेली असते आणि पहिल्या धार लावण्यातच पुसली जाऊ लागते. त्यानंतर मालक त्याला धार लावायचे सोडून देतो. चाकू देखणा राहतो आणि लाकूडही सुखरूप राहते.

मूठ हा चाकूचा असा भाग आहे की ज्याच्यावर सौंदर्य आणि उपयुक्तता यांची थेट मारामारी होते. तासणारा माणूस चाकू एकाच पद्धतीने धरत नाही. कधी धार बाहेर, कधी अंगाकडे, कधी अंगठा पाठीवर, कधी लाकडावर टेकलेला. मूठ घडीघडी हातात फिरते. म्हणून ती लांबट गोल, मधे किंचित फुगीर, गुळगुळीत आणि हाताच्या रुंदीपेक्षा थोडी लांब असावी. चार बोटांसाठी चार खाचा असलेली मूठ चित्रात मोहक दिसते. त्या खाचा ज्या बोटांच्या मापाने काढल्या ती बोटे कारखान्यात राहिलेली असतात. हरणाचे शिंग, पितळी टोपी, रंगीत राळेत गोठवलेली समुद्राची लाट हे सारे प्रकार तळहाताला तासाभरात आपापले अस्तित्व दाखवून देतात. मूठ आणि पाते यांच्यामध्ये आडवी पट्टी असेल तर चाकूला तलवारीचा रुबाब येतो, पण अंगठा पात्याच्या पाठीवर नेताना तीच आडवी येते. फोड ही मुठीची खरी परीक्षा. ती घरी आल्यावर होते आणि तोवर चाकू परत करण्याची मुदत संपलेली असते.

आता बाजारातल्या नावांकडे. मोराचा 120 क्रमांकाचा चाकू या विषयातला प्रमाण नमुना म्हणता येईल. सुमारे 6 सेंटिमीटरचे निमुळते पाते, तीन थरांचे पोलाद, बर्च लाकडाची तेल दिलेली मूठ आणि प्लॅस्टिकचे म्यान. त्याच्या पाठचा भाऊ 106 क्रमांकाचा; त्याचे पाते सुमारे 8 सेंटिमीटरचे. मोरा गावातला हा धंदा 1891 पासूनचा आहे. तेवढ्या काळात चाकू नटवण्याचा मोह तिथे कोणाला फारसा झालेला दिसत नाही. पहिल्या नजरेत हा चाकू अगदीच साधा वाटतो आणि गिऱ्हाईक पुढच्या चित्राकडे सरकते. काही महिन्यांनी दोन देखणे चाकू पदरी पडल्यावर ते परत येते.

घडीचा चाकू हवा असेल तर फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी तो 1890 मध्ये घडवला आणि 1897 पासून 1 ते 12 अशा क्रमांकांत तो मिळू लागला. पुढे 1 आणि 11 हे आकार बंद झाले. आठव्या क्रमांकाचे पाते 8.5 सेंटिमीटरचे असते. ते पातळ असते आणि 1955 पासून एका फिरत्या कड्याने जागच्या जागी पक्के करता येते. बीचच्या लाकडाची मूठ, पाते आणि कडे, एवढाच पसारा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1985 मध्ये शंभर सुंदर वस्तूंत त्याची गणना केली. या मानाच्या चाकूचा एकच स्वभावदोष आहे. दमट हवेत मूठ फुगते आणि पाते आत अडकून बसते. मग मुठीचे बूड टणक पृष्ठभागावर आपटून पात्याचे टोक बाहेर काढायचे, ही साव्वाची जुनी युक्ती. मुंबईच्या पावसाळ्यात ही युक्ती इतक्यांदा वापरावी लागते की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन चौकशी करतात.

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी हा तिसरा उमेदवार. पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात फिरणारे पाते आणि पात्याला मागे एक छोटी दांडी. पाते पक्के धरायला खटका नाही. अंगठ्याने दांडी दाबून धरायची. एके काळी जपानी शाळकरी पोरे त्याने पेन्सिली तासत. त्याच वयात मराठी पोरे अर्धे ब्लेड वापरत होती, त्या मानाने जपानी बालपण सुरक्षितच म्हणायचे. चाकू स्वस्त आणि रेखीव आहे, मात्र पातळ पत्र्याची मूठ फार वेळ आवळून धरवत नाही. त्यामुळे पेन्सिलीपुरता तो अजूनही उत्तम.

चौथा उमेदवार पुष्कळ मराठी घरांत आधीच असतो. परदेशातून आलेल्या भाच्याने दिलेला लाल रंगाचा स्विस चाकू कपाटात असतो आणि त्यातला दात कोरायचा तुकडा हरवलेला असतो. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये कारखाना सुरू केला आणि 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. तेव्हापासून हे घराणे चालू आहे. त्याचे छोटे पाते बारीक कोरीवकामाला खरोखर चांगले असते. पण छोट्या आकारांत पाते पक्के करणारा खटका नसतो, म्हणून टोकाने लाकडात रेटू नये. पाते मिटते, आणि मिटताना मध्ये बोट आहे का हे पाहत नाही.

किमतीचे म्हणाल तर यांतले साधे चाकू परदेशात साधारण 15 ते 30 डॉलरांना मिळतात. इथे येईपर्यंत त्यात आयातकर आणि विक्रेत्याचा नफा मिसळतो. प्रवाशाबरोबर मागवल्यास कर वाचतो, मात्र चाकू तपासणीसाठी दिलेल्या सामानातच ठेवायला हवा. हातातल्या पिशवीतले चाकू विमानतळावरच राहतात. लांबीबाबत कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. भारतात घरगुती, शेती वा औद्योगिक कामासाठी नसलेले 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत येते. तासायचा चाकू त्याच्या निम्माही नसतो. तरीही उद्यानातल्या बाकावर उघडा चाकू घेऊन एकटेच हसत बसू नये. हवालदाराकडे मोजपट्टी असतेच असे नाही.

चाकू आल्यावर घरात दुसरे काही हाताशी नसल्याने बहुतेक लोक सागवानाचा तुकडा उचलतात. वाळूत असते तीच सिलिका सागवानातही असते. ती धार बोथट करते. बाभळीचा कठीणपणा तर प्रसिद्धच आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत लिंडेनच्या लाकडाची शिफारस असते, पण ते आपल्या वखारीत मिळत नाही. इथल्या हौशी माणसाने शिवण किंवा पांगारा शोधावा. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिरांनी लाकडी फळे आणि खेळणी पिढ्यान्‌पिढ्या केली, ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातूनच. लाकूड ओलसर असेल तर आणखी मऊ लागते. रेषेच्या दिशेने तासावे. उलट गेल्यास कितीही महाग चाकू रेषा उचकटून काढतो. पहिल्याच प्रयत्नात मूर्ती करू नये. गणपती करायला गेले की मारुती होतो म्हणतात, पण लाकडात तो मारुतीही सहजी होत नाही, कारण शेपूट रेषेला आडवी जाते आणि मोडते.

चमचा करायचा असेल तर त्याची वाटी सरळ पात्याने कोरता येत नाही. तिच्यासाठी वाकड्या पात्याचा वेगळा चाकू लागतो. अशा रीतीने एका चाकूचे दोन होतात. पुढचे आकडे घरगुती बाब आहे.

धार हा खर्चाचा दुसरा भाग आणि तो कोणी हिशेबात धरत नाही. नवा चाकू काही तासांच्या कामानंतर मंदावतो. पूर्वी न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत असत, तोच इलाज इथे चालतो. चामड्याची पट्टी फळीला चिकटवून तिच्यावर हिरव्या पॉलिशची वडी घासावी आणि पाते पाठीच्या दिशेने ओढावे. धारेच्या दिशेने ढकलल्यास पट्टी कापली जाते. चाकूला धार होती हे त्यातून सिद्ध होते, एवढेच समाधान. पट्टीनेही भागेनासे झाले की निसणा. पात्याचा उतार दगडावर सपाट टेकवून घासत राहावे आणि शेवटी पुन्हा पट्टीवर यावे. धार तपासायला हातावरचे केस कापून पाहण्याची चाल आहे. मुरलेला तासकाम करणारा त्यामुळे ओळखू येतो, त्याचा डावा हात गुळगुळीत असतो. लाकडाच्या कापलेल्या तोंडावर आडवा काप घेऊन पाहणे हा जास्त सभ्य मार्ग. काप चकाकला की धार बरोबर आहे.

बोथट चाकू सुरक्षित असतो ही समजूत चुकीची आहे. त्याला जोर जास्त लागतो, आणि जास्त जोराने सटकलेला चाकू खोल जातो. लाकूड धरणाऱ्या हातात काप न लागणारा मोजा घालावा, अंगठ्याला कापडी पट्टी गुंडाळावी आणि चाकूच्या वाटेत शरीराचा कुठलाही भाग ठेवू नये. मांडी हाही शरीराचा भाग आहे. चाकूचे संरक्षणही तितकेच गरजेचे आहे. घरातल्या चांगल्या चाकूंचा शेवट लाकडात होत नाही. तो करवंटीतून खोबरे सुटे करताना होतो. टोक करवंटीत राहते आणि “एवढा महागाचा आणि मोडला कसा?” हा प्रश्न मालकालाच विचारला जातो.

या सगळ्यातून निवड सोपी होते. देखणा चाकू हवा असेल तर देखणा दिसावा म्हणून बनवलेला चाकू टाळावा. मोरा आणि ओपिनेल यांच्या कर्त्यांनी फक्त नको ते काढून टाकले, आणि शोभेत मागे पडण्याची वेळ त्या चाकूंवर आली नाही. एकच चाकू घ्यायचा तर 6 ते 8 सेंटिमीटरच्या पात्याचा, लाकडी मुठीचा, न मिटणारा साधा चाकू घ्यावा. प्रवासात न्यायचा तर कडे असलेला घडीचा घ्यावा. दमास्कस काचेच्या कपाटासाठी ठीक आहे. ठरवलेल्या रकमेतून चामड्याच्या पट्टीचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या पैशांतून शिवणीचे लाकूड आणावे. लाकूड आणायचे नसेल तर कुठलाही चाकू चालेल.